एक सिस्टर, तीन टेबलं

“लेबर रूममधल्या सिस्टर फार खेकसतात हो.” पनवेलमध्ये चार बायका बाळंतपणाबद्दल बोलायला लागल्या की हे वाक्य येतंच. खांदा कॉलनीत येतं, टक्क्यात येतं, नेऱ्याच्या बाजूच्या आदिवासी वाडीवरही येतं. कुणाला ‘आता कशाला रडतेस’ म्हणून सुनावलेलं असतं, कुणाच्या मांडीवर चापट बसलेली असते. बाळंतपणाची तारीख विसरलेली आजीसुद्धा सिस्टरचं ते वाक्य शब्दन्‌शब्द सांगते. मीही ही तक्रार अनेकदा केली आहे आणि ती मागे घेत नाही. पण ती अर्धीच होती, हे मला मागच्या मार्चमध्ये कळलं.

भाचीचं पहिलं बाळंतपण होतं. पनवेल परिसरातलं एक रुग्णालय. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की सगळे त्या एका इमारतीकडे बोट दाखवून मोकळे होतील. प्रसूतीच्या वेळी घरची एक अनुभवी बाई आत थांबू शकते, तशी आता मुभा आहे. म्हणून रात्री एकपासून सकाळपर्यंत मी भाचीच्या उशाशी उभी होते. तीन टेबलं, एक सिस्टर आणि मदतीला एक मावशी. डॉक्टर शेजारच्या थिएटरमध्ये सिझेरियनला.

पहिल्या टेबलावर भाची. दुसऱ्यावर वीटभट्टीवरून आलेली कातकरी मुलगी, तिची दुसरी खेप. तिसऱ्यावर रसायनीकडून रेफर होऊन आलेली बाई. तिचं बीपी वाढलेलं, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सुरू.

आता हिशेब करा. कळा सुरू असलेल्या बाईचा पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, भरायचा असतो. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके ऐकायचे आणि दहा मिनिटांत किती कळा येतात ते मोजायचं. हे मोजणं इथे यंत्रावर होत नाही. पोटावर हात ठेवून पूर्ण दहा मिनिटं थांबावं लागतं. म्हणजे एका टेबलाला दहा मिनिटं. तीन टेबलांना तीस. झाला अर्धा तास, पुन्हा पहिल्या टेबलापासून सुरुवात. यात मॅग्नेशियमवाल्या बाईचा श्वास मोजणं, गुडघ्यावर हलकं ठोकून पाय उडतो का बघणं, लघवी किती झाली ते पाहणं धरलेलं नाही. हातमोजे बदलणं धरलेलं नाही. वॉर्डातून येणारे फोन, बाहेर दार ठोकणारे नातेवाईक, केस पेपर, रजिस्टर, सिस्टरनं स्वतः पाणी पिणं, यातलं काहीही धरलेलं नाही. आणि अजून एकही बाई बाळंत झालेली नाही.

झाली. सव्वातीनला कातकरी मुलीला जोराच्या कळा आल्या. या टप्प्यावर बाळाचे ठोके दर पाच मिनिटांनी ऐकायचे असतात, म्हणजे सिस्टरनं ते टेबल सोडायचंच नसतं. मुलगी घाबरून पाय मिटत होती. “पाय मिटू नको! बाळाचं डोकं दाबतेस, कळतंय का?” सिस्टर ओरडली. बाळ आलं, पण रडलं नाही. सिस्टरनं त्याला पुसलं, पाठ चोळली, मास्क तोंडावर धरून पिशवी दाबायला घेतली. पहिलं मिनिट सगळ्यात मोलाचं असतं. त्याच मिनिटात आईला ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शनही द्यायचं असतं, नाहीतर रक्त जातं. एक हात बाळावर, दुसरा आईवर. तिसऱ्या टेबलावरून मावशीची हाक, “सिस्टर, हिला कसंतरी होतंय!” भाचीच्या बाळाचे ठोके ऐकून पाऊण तास उलटला होता. न राहवून मी म्हटलं, “सिस्टर, हिचे ठोके?”

“मला चार हात आहेत का, काकू?”

मला राग आला. मग मी बघितलं. दोनच होते.

बाळ रडलं. वार पडली. सिस्टरनं त्या मुलीच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले, “झालं गं, मुलगी झाली, छान आहे,” म्हणाली आणि मोजे काढत तिसऱ्या टेबलाकडे धावली. तेच तोंड, तोच आवाज, पाच मिनिटांपूर्वी खेकसलेला. भाचीचे ठोके तिनं ऐकले तेव्हा चार वाजत आले होते. ठोके चांगले होते. नसते तर?

सकाळी पावणेसातला तिन्ही बायका बाळंत झालेल्या होत्या. सिस्टर त्या रात्रीत पहिल्यांदा बसली. टेबलावर चढायची लोखंडी पायरी असते, तिच्यावर. बूट काढले. मोज्यांच्या इलॅस्टिकची खोल खूण घोट्यावर उमटली होती आणि खुणेच्या वर पाय सुजलेला. गार झालेल्या चहात खारी बुडवली आणि दुसऱ्या हातानं तीन पार्टोग्राफ भरायला घेतले. आठवून आठवून. दोन वाजताचे ठोके, अडीचचे ठोके, तीनचे ठोके. आठ वाजता ओव्हर द्यायची होती.

तो कागद खरा नव्हता. तिलाही माहीत होतं, मलाही. पण काही विपरीत घडलं असतं तर चौकशीत पहिला पुरावा तोच कागद आणि खाली सही तिची. तीन टेबलांना एक सिस्टर लावणाऱ्याची सही त्यावर कुठेच नसते.

चौकशीत नाव कुणाचं येतं, हे भंडाऱ्यानं दाखवलेलं आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. सात वाचली. आगीचं मूळ यंत्रात, इमारतीत, न झालेल्या अग्निसुरक्षेत. निलंबन वरिष्ठांचंही झालं, ते मान्य. पण नोकरीतून थेट काढलं गेलं त्यांत कंत्राटी परिचारिका होत्या, आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला तोही परिचारिकांवर. त्या रात्रीपासून महाराष्ट्रातली प्रत्येक सिस्टर मनात एक गोष्ट धरून ड्यूटीवर जाते. यंत्र बिघडलं, तरी नाव आपलंच येणार. मनावरचं ओझं म्हणतात ते हे. प्राणायामानं ते हलत नाही.

असं ओझं वाहताना काम करण्याची ताकद किती उरते, हे मोजायची एक पद्धत फिनलंडमध्ये तयार झाली. १९८१ पासून तिथल्या नगरपालिकांच्या कामगारांचा पाठपुरावा सुरू होता. युहानी इल्मारिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून प्रश्नांची एक यादी बनवली. ७ ते ४९ गुण. २७ पर्यंत म्हणजे ताकद खालावली, ४४ आणि त्याच्या वर म्हणजे उत्तम. जगभर परिचारिकांसाठी आणि सुईणींसाठी ती वापरतात. पहिलाच प्रश्न असा: तुमच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवसांत काम करायची जी ताकद होती तिला दहा गुण दिले, तर आज किती द्याल?

त्याच सिस्टरला मी महिन्याभरानं हा प्रश्न विचारला. एसटी स्टँडसमोर चहा घेताना. पेणची गाडी यायची होती. ती म्हणाली, “ड्यूटीच्या आधीचे सांगू की नंतरचे?” मग म्हणाली, “आधीचे सहा. नंतरचे लिहू नका.” वय अडतीस. सरकारी नोकरी अठ्ठावन्नपर्यंत. अजून वीस वर्षं. पाठ गेलेली, पायाच्या नसा फुगलेल्या. रात्रपाळीत पाणी कमी पिते, कारण प्यायलं की जावं लागतं आणि जायला वेळ नसतो. त्यामुळे लघवीचा त्रास. दुसऱ्या बायकांच्या लघवीचा तासातासाचा हिशेब ठेवणारी बाई स्वतः बारा तास जात नाही.

तिचं धाकटं लेकरू दीड वर्षाचं. सहा महिन्यांची बाळंतपणाची रजा संपल्यावर आठवड्याभरात तिला नाईट लागली होती. अंगावर पिणारं मूल घरी, आणि दूध कपड्यात. आपण रायगडवाले हिरकणीचं नाव अभिमानानं घेतो. एसटी स्टँडवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष आहेत आणि ते हवेतच. पण जिथे रोज बायका आई होतात, बाळाला तासाभरात छातीशी लावा म्हणून भिंतीवर पोस्टर लागलेलं असतं, तिथल्या सिस्टरला दूध काढायला आडोसा आहे का? मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “स्टोअरमध्ये, दाराला पाठ लावून.” स्टोअरच्या दाराला कडी नव्हती.

आता कुणी म्हणेल, म्हणून काय चापट मारायची? नाही. बाळंत होणाऱ्या बाईवर हात उचलणं हा गुन्हाच आहे आणि तिच्या जातीवरून, पोरांच्या संख्येवरून बोलणं त्याहून वाईट. त्या कातकरी मुलीवर ओरडताना सिस्टरचा आवाज जितका चढला तितका माझ्या भाचीवर चढला नाही, हेही मी पाहिलं. ते दमणुकीच्या खात्यावर टाकून चालणार नाही. दमलेला माणूस कुणावर ओरडायचं हे निवडतो आणि आपल्याकडे ते कसं निवडलं जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याची तक्रार झालीच पाहिजे, शिक्षाही झाली पाहिजे. पण शिक्षा करून तिच्या जागी दुसरी सिस्टर आणाल आणि टेबलं तीनच ठेवाल, तर सहा महिन्यांत तीही ओरडायला लागेल.

हे माझं नुसतं मत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली मांडला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि परिचारिका पिचून जाण्याची २३ टक्क्यांनी. एकाच आकड्यानं दोघी मरतात, एक लवकर आणि एक हळूहळू. ब्रिटनमधल्या २०१८ च्या एका अहवालासाठी जवळपास दोन हजार सुईणींना विचारलं, तर ८३ टक्के जणी पिचलेल्या निघाल्या. तिथे पगार आपल्याहून कितीतरी जास्त आहेत, तरीही. कॅलिफोर्नियानं १९९९ साली कायदाच केला आणि २००४ पासून तो लागू झाला. कळा देणाऱ्या दोन बायांमागे किमान एक परिचारिका.

आपल्याकडे? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष याहून चांगला आहे. लेबर रूममध्ये प्रत्येक टेबलामागे एक परिचारिका. शिवाय रजांसाठी ३० टक्के पदं जास्तीची धरायची. कागदावर आपण कॅलिफोर्नियाच्या पुढे आहोत. पण निकष मोडला तर कुणालाही नोटीस जात नाही, म्हणून तो रोज मोडतो.

महाराष्ट्रानं या क्षेत्रात कमावलेलं थोडं नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातली ६४.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ ला ९४.७ टक्के. २००४-०६ ला एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत, २०१८-२० ला ३३. त्या वेळी देशात याबाबत केरळनंतर आपलं नाव होतं. मंत्री हे आकडे सांगतात, सांगावेत. पण घरातली बाळंतपणं दवाखान्यात आली म्हणजे कुणाच्या तरी हातात आली. शंभरातल्या तीस जास्तीच्या बायांना टेबलावर कुणी घेतलं? ज्या हातांनी घेतलं, ते त्याच प्रमाणात वाढवले का? या प्रश्नाचं उत्तर भाषणात येत नाही.

पनवेलचं तर विचारूच नका. १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. २०११ च्या जनगणनेतच या हद्दीत पाच लाखांवर माणसं होती. त्यानंतर हद्दीत आणि आजूबाजूला, कामोठे, कळंबोली, खारघर, करंजाडे, उलवे, जिकडे बघाल तिकडे टॉवर. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटनही झालं. सरकारी उपजिल्हा रुग्णालय मात्र १२० खाटांचं. २०२० मध्ये तेच कोविड रुग्णालय केलं होतं. द्रुतगती मार्गावरचे आणि गोवा महामार्गावरचे अपघात तिकडेच येतात. त्याच्या पुढे अलिबाग, नाहीतर मुंबई. उलव्यात टॉवर उभा राहिला की पाण्याची लाइन, विजेचा लोड, पार्किंग याचा हिशेब होतो. त्या टॉवरमध्ये पुढच्या वर्षी किती बायका बाळंत होणार आणि त्यांना कुणाचे हात लागणार, हा हिशेब कुठल्याही नकाशावर नसतो.

खासगी नर्सिंग होममधलं वेगळं रडगाणं आहे, पण तेही ऐका. पनवेलमध्ये गल्लीगणिक पन्नासच्या आतल्या खाटांची रुग्णालयं आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीनं सांगितलं होतं की इतक्या लहान रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नका. आपल्या घरचं बाळंतपण जिथे लाखाच्या बिलात झालं, तिथल्या सिस्टरला किती मिळतात, एकदा विचारा. कितीतरी ठिकाणी ती पात्रताधारक सिस्टर नसतेच. पांढरा कोट घातलेली, हाताखाली शिकलेली मुलगी असते आणि रात्री डॉक्टर ‘कॉल’वर असतात. तिच्या मनावरच्या ताणाची मोजणी करायला फिनलंडची यादीही पुरणार नाही.

सिस्टर गप्प बसल्या असं कुणी म्हणू नये. २०२२ च्या मेमध्ये परिचारिका संपावर गेल्या. मागणी होती की कायम पदं कंत्राटदारामार्फत भरू नका. जुलै २०२५ मध्ये पुन्हा आझाद मैदानात बसल्या. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी बसले. दरवेळी बातमी एकच: ‘रुग्णांचे हाल’. संप नसतानाच्या रात्री तीन टेबलांवर काय हाल असतात, त्याची बातमी होत नाही. रुग्णालयातल्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. पण नातेवाईक दार तोडायला आले की त्या क्षणी दाराच्या आत सिस्टर असते, कायदा नसतो.

यावर उपाय म्हणून काय येतं? १२ मेला परिचारिका दिनी गुलाबाचं फूल आणि ‘ताणतणाव व्यवस्थापन’ या विषयावर व्याख्यान. दुपारच्या पाळीच्या सिस्टरनं दोन तास आधी येऊन ऐकायचं, सकाळच्या पाळीच्या सिस्टरनं थांबून ऐकायचं. वक्ते दीर्घ श्वास घ्यायला शिकवतात. अहो, श्वास कसा घ्यायचा हे ती रात्रभर दुसऱ्यांना शिकवत असते! तिला श्वास नको, सुट्टी पाहिजे. दुसरी सिस्टर पाहिजे. बसायला खुर्ची आणि बाथरूमला कडी पाहिजे. नाईटनंतरचा ऑफ कापू नका, एवढंच तिचं म्हणणं आहे.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये केंद्रानं सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. परिचारिकांना दीड वर्षाचं खास प्रशिक्षण द्यायचं, साध्या बाळंतपणाची जबाबदारी पूर्णपणे त्यांच्याकडे द्यायची, त्यांचे स्वतंत्र कक्ष उभारायचे. कल्पना उत्तम आहे. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं शंभर वर्षांपूर्वी हेच ओळखलं होतं. घरात कोंडलेल्या, विधवा झालेल्या बायकांना ससूनमध्ये परिचर्या आणि सुईणकाम शिकायला पाठवलं, तेव्हा लोक नाकं मुरडत होते. त्या कामाला मान असावा, शिक्षण असावं, पगार असावा, हे त्यांना कळत होतं. मान आम्ही भिंतीवरच्या फलकात दिला, पण दीड वर्ष शिकायला सिस्टर पाठवायची तर तिच्या टेबलावर कोण उभं राहणार, इथे गाडी अडते. जास्तीची सिस्टर असेल तर पाठवाल ना.

मला जे मागायचं आहे ते फार नाही. प्रत्येक लेबर रूमच्या दारावर रोज तीन आकडे लिहा. आज टेबलं किती, या पाळीत सिस्टर किती, निकषाप्रमाणे किती हव्यात. खडूनं लिहिलं तरी चालेल. दार ठोकणाऱ्या नवऱ्याला, सासूला ते वाचू द्या. ओरडायचं कुणावर ते त्यांना बरोबर कळेल.

आणि तुमच्या घरी कुणी बाळंत झालं, सिस्टर वाईट बोलली, तर तक्रार जरूर करा. फक्त तक्रारीत एक ओळ वाढवा: त्या वेळी किती टेबलांना किती सिस्टर होत्या. ती ओळ असेल तर तक्रार एका बाईवर थांबणार नाही, ड्यूटी लावणाऱ्यापर्यंत आणि पदं न भरणाऱ्यापर्यंत जाईल.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. माहितीच्या अधिकारात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाकडे अर्ज लिहिला आहे: रायगड जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी लेबर रूममध्ये टेबलं किती, परिचारिकांची मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, आणि गेल्या वर्षभरात रात्रपाळीला एका सिस्टरमागे किती बाळंतपणं झाली. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. तुमच्या तालुक्यासाठी तुम्ही टाका.